लोकरीचा पिक्चर

धाकटे,

थोरलीचा आशीर्वाद घे. रुसली असलीस तरी घे, आशीर्वाद परत पाठवता येत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? माझे जिना चढताना दोन वेगळ्या घरी जायला निघतात, बाकी बरे आहेत. गेल्या महिन्यात तुझ्या घोरण्यावरून मी चार शब्द बोलले आणि तू पिशवी उचलून आपल्या घरी चालती झालीस, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. (घोरतेस मात्र तू. पिठाची गिरणी परवडली.)

पत्राला कारण वेगळंच आहे. परवा नात दवाखान्यात नाइट ड्यूटीला निघाली. (नर्स झाल्यापासून ही पोरगी माझ्याशी पेशंटशी बोलावं तसं मोठ्यांदा बोलते, तरी नेमकं कामाचं तेवढं मला ऐकू येत नाही.) चपला घालता घालता म्हणाली, "आजी, आज टीव्हीवर वेअरवुल्फचा विलायती पिक्चर आहे. बघत बसू नकोस हं." आता मला इंग्रजी येत नाही, पण बाजारातल्या दुकानाची पाटी मी इतकी वर्षं वाचतेय, वूलन वेअर. वेअर आणि वूल, दोन्ही माझ्या ओळखीचे. म्हटलं, लोकरीच्या कपड्यांचा पिक्चर! आणि बघू नको का म्हणते तेही लक्षात आलं. मी नवे नमुने शिकले तर आणखी स्वेटर तिलाच घालावे लागतील ना. ती जिना उतरली आणि मी सुया घेऊन टीव्हीपुढे बसले.

सुरुवात चांगली होती. एक पोस्टमन, अंगात जाड वेणीच्या विणीचा स्वेटर, विणणारीचा हात अगदी सफाईचा. गावची कुत्री त्याच्यावर भुंकत होती, पण पोस्टमनवर कुत्री भुंकतातच, त्यामुळे गावालाही संशय आला नाही नि मलाही. मग ढगातून चंद्र निघाला आणि मेल्यानं काय करावं? चांगला स्वेटर टराटरा फाडला! आत बघते तर आणखी लोकर. मला वाटलं, थंडीचा देश, आतून दुसरा घातला असेल. पण ती वाढतच चालली, मानेवर, हातांवर, कानांतून, आणि विणणारं कोणी दिसेना. मग तोंड लांब झालं, दात आले, नि खिडकीतून उडी मारून गेला. सकाळी परत येतो तो गुळगुळीत, आणि घरमालकीण काही न विचारता त्याला नवा स्वेटर देते. (ही बाई विणते तरी कधी? मला एका बाहीला किती दिवस लागतात तुला ठाऊक आहे.) रात्री पुन्हा चंद्र, पुन्हा फाडाफाड. शेवटी लोकांनी एका जनावराला गोळी घातली, तर तिथे पोस्टमन पडलेला! जनावर कुठे गेलं, पोस्टमन कधी आला, आणि घरमालकीण रडत होती ती माणसासाठी की स्वेटरसाठी, मला अजून उलगडलेलं नाही.

मधेच एकदा ते जनावर ओरडलं. लांबलचक, वर चढत जाणारं, शेवटी शीळ. मी सवयीनं तुझ्या खाटेकडे वळले नि म्हणाले, "कुशीवर हो गं." खाट रिकामी होती.

मी घाबरले नाही, हे तुला माहीतच आहे. सगळे दिवे चालू होते ते विझवायचे राहिले म्हणून, आणि दाराला खुर्ची लावली होती ती झाडायला हलवली होती. सकाळी नात आली तर मी एवढंच म्हटलं, "आधी फटीतून हात दाखव." हात पाहिला, मगच तिला आत घेतलं. तेव्हा कळलं, वूल नव्हे, वुल्फ, म्हणजे लांडगा. पौर्णिमेला माणसाचाच होतो म्हणे. मी म्हटलं, "मग मराठीत सांगून जायचं ना, मेले!" तर ती बसून हसायला लागली.

असो. औषधं वेळेवर घे, माझ्यावरचा राग त्यांच्यावर काढू नकोस.

तुझी,
न घाबरलेली थोरली

ता. क. नातीला हा सगळा आठवडा रात्रीचीच ड्यूटी आहे आणि पौर्णिमा त्यातच येते. तू ये. घोरलीस तरी चालेल. उलट दाराकडे तोंड करूनच घोर, म्हणजे बाहेर कोणी असलं तर त्याला वाटेल, आत आधीच एक आहे.

आणखी एक ता. क. तुझ्या हनुवटीवर ते दोन केस आहेत ना, ते काढून ये. मी तुला ओळखते गं, पण रात्री उगाच घोळ नको.