आईच्या साडीची शेड

धाकट्या, आशीर्वाद आहेतच, आधी तक्रार ऐक.

मंगळवार, बारा मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सूनबाईंनी माझा दिवा फुटपाथवर ठेवला. जुन्या बाजारातून स्वस्तात आणून, पितळ घासून, शेडला मी आपल्या आईच्या विरलेल्या साडीचा तुकडा चिकटवला होता. सूनबाई म्हणाल्या, "मला वाटलं, भंगार आहे!" मी खाली पोचेपर्यंत कुणीतरी उचलला. चिरंजीव म्हणाले, "नवीन आणू की." म्हटलं, आई कुठल्या दुकानात मिळते?

बाकी मी ठणठणीत. जेवण वेळेवर मिळतं, बोलायला कुणी नसतं. तुझा गुडघा कसा आहे?

माहेरच्या माझ्या खोलीत तुझ्या लेकाने संसार थाटलाय, ठाऊक आहे. तरी माझी एक खाट मावेल का? एकतीस मार्चच्या आत लेखी कळव. 'नाही' असेल, तर तेही लेखी.

तुझी ताई