लेनर्डचं गाणं

हॅलिफॅक्स,
१२ नोव्हेंबर

ती. वन्सं यांस,
एनिडचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेले केशराचे बनपाव पोचले. अर्धे शेजारणीने फस्त केले, कारण पार्सल आलं तेव्हा मी घरात नव्हते. कुठे होते ते बसून वाचा. लेनर्ड गेल्यानंतर पहिल्यांदाच शुक्रवारी गाण्याच्या क्लबात गेले, तुमचा भाऊ जन्मभर जिथे गायला त्या पबच्या माडीवर. क्लब चालवणारा डेरिक माझ्या दारात येऊन उभाच राहिला. म्हणाला, खुर्च्या मांडायला माणसं कमी आहेत, रडायचं ते नंतर रड, आधी कोट चढव. त्याच्या तोंडाला लगाम नाही, पण माणूस लाखमोलाचा.

पाहुण्या गायकाच्या आधी आपली माणसं एकेक गाणं म्हणतात, तेव्हा गेल नावाची एक बाई उभी राहिली. चाळिशीची असेल, बस चालवते, क्लबात नवीन. आणि तिने काढावं काय, तर ह्यांचंच गाणं! मामंजींकडून आलेलं, गाडीवानाचं. एकाचं गाणं दुसऱ्याने गायचं नाही, ही आपली रीत तिला कोणी सांगितलीच नव्हती. धृपद आलं आणि अख्खी माडी गप्प. वन्सं, जिथे दारापाशी चहा ओतणारासुद्धा धृपदाला सूर लावतो, तिथे एकाचेही ओठ हलेनात. सगळे माझ्याकडे बघत होते. बिचारीचे कान लाल झाले, तिला वाटलं आपलाच सूर चुकला.

मला राहवलं नाही. पुढचं धृपद मीच उचललं. माझ्यामागून सगळे गायले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला छाती मोकळी वाटली.

मध्यंतरात रीत कळल्यावर गेल रडायलाच लागली, परत येणार नाही म्हणाली. मला वाटतं, ते गाणं तिला द्यावं. पण मुळात ते तुमच्या वडिलांचं, म्हणून आधी तुम्हाला विचारते. गुडघ्याचं कळवा.

तुमची माया आहे म्हणून हा हट्ट,
एनिड

पेन्झान्स,
२० नोव्हेंबर

चि. एनिड हिस,
अनेक आशीर्वाद.

तू घराबाहेर पडलीस हे वाचून फार बरं वाटलं. डेरिकला माझे आभार सांग. आणि तू चारचौघांत गायलीस? तुझ्या आवाजाने आमची मांजर पलंगाखाली जायची, विसरलीस वाटतं!

पण गाणं द्यायचं म्हणशील, तर नाही. माझ्या भावाला जाऊन वर्षही झालं नाही. आधी बाबांचं, मग त्याचं. गाणं म्हणजे जुना कोट नव्हे, आला-गेला त्याच्या अंगावर चढवायला. त्या बाईचा दोष नाही, पण तिने दुसरं शोधावं. राग मानू नकोस.

गुडघा आहे तसाच कुरकुरतो. नीट जेवत जा.

तुझी वन्सं,
म्युरिएल

हॅलिफॅक्स,
१८ जानेवारी

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

राग कसला? गेलला तुमचा निरोप दिला. ती खाली मान घालून बरोबर आहे म्हणाली. तरी दर शुक्रवारी येते, खुर्च्या उचलते, कप विसळते, गात मात्र नाही.

मध्यंतरानंतरचं पहिलं गाणं ह्यांचं असायचं. डेरिक ती जागा अजून कोणालाच देत नाही. तेवढा वेळ सगळे नुसते बसून राहतात. त्यांचे उपकार मी फेडू शकणार नाही. पण वन्सं, ती शांतता मला सोसवत नाही. तुम्ही गात नाही, माझ्या आवाजाला मांजर पळते. मग ते गाणं आपण जपतोय म्हणजे नक्की काय करतोय?

पुन्हा विचारणार नाही. मार्चमध्ये या मात्र. गरम पाण्याची पिशवी तयार ठेवते.

वाट पाहणारी,
एनिड

पेन्झान्स,
२६ मार्च

चि. एनिड हिस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. गाडीत तुझी मटणाचं सारण भरलेली पेस्ट्री खाल्ली, समोरच्या गृहस्थांना वासही पुरा घेऊ दिला नाही.

शुक्रवारी मी एकाएकी हो कशी म्हणाले, हे तू सारखं विचारत होतीस आणि मी टाळत होते. तोंडाने सांगवलं नसतं. मी आले होते ती त्या बाईला तोंडावर ‘नाही’ म्हणून सांगायला. मध्यंतरात तू लकी ड्रॉची तिकिटं विकत होतीस, तेव्हा मी तिला जिन्यात गाठलं. गाणं कुठून उचललं, असं दरडावूनच विचारलं. म्हणाली, दोन हिवाळ्यांपूर्वी एकदाच आले होते, एका आजोबांनी गायलं ते फोनवर रेकॉर्ड करून घेतलं, त्यांचं नावही माहीत नव्हतं. आई आजारी होती तेव्हा रोज बस काढायच्या आधी ऐकायचे, त्यावर दिवस निघायचा. मी म्हटलं, म्हणून दाखव.

तिसऱ्या कडव्यात, ‘डोंगर’ शब्दाच्या मधोमध, ती श्वास घ्यायला थांबली. बाबा तिथे कधी थांबत नसत. लेनर्डला लहानपणी दमा होता, त्याला ती ओळ एका दमात पुरायची नाही. त्यावरून मी त्याला किती चिडवलं होतं! दमा गेला, सवय राहिली. आणि ह्या धडधाकट बाईला वाटतं, गाणं तसंच असतं.

एनिड, माझा भाऊ त्या जिन्यात माझ्यापुढे श्वास घेत होता. तुम्हा सगळ्यांची मी जन्माची ऋणी आहे.

मी तिला म्हटलं, गाणं तुझं, घेऊन जा. फक्त कोणी शहाणा तो श्वास सुधारायला आला, तर त्याचं ऐकू नकोस.

तुझी,
म्युरिएल