दोर मी सोडला

३ डिसें., बुध.
व्हायव्हा ११ला. प्रबंध बांधून, सोनेरी अक्षरं लावून जमा झालाय. आज स्टाफरूममध्ये आमच्या विभागाचे हेड सर सगळ्यांदेखत: "व्हिडिओ गेमवर मराठीत पीएच.डी.! उद्या सापशिडीवर करतील." सगळे हसले. मी पण. मी का हसले? मूर्ख!
बाजूने एकट्या कुलकर्णी मॅडम, माझ्या गाईड. "गोष्ट आहे ना त्यात? मग समीक्षा होणारच," म्हणून कमिटीशी भांडल्या होत्या. महिनाअखेर रिटायर. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी.

५ डिसें., शुक्र.
प्रकरण चार पुन्हा वाचलं. सगळा जीव त्यातच. पूर आलेला, छपरावर धाकटी बहीण, नावेत मोठी, मध्ये दोर. पडद्यावर सूचना येते: बटण दाबून दोर सोडा. दाबलं की धाकटी गेली. कादंबरीत पात्र पाप करतं नि आपण वाचतो. इथे पाप आपल्याच अंगठ्याने होतं. पर्याय नाही, म्हणून ही शोकात्मिका. हे कुठून उचललेलं नाही, माझं आहे. बरं वाटलं.

६ डिसें., शनि.
प्रेझेंटेशनला त्या प्रसंगाचा फोटो हवा म्हणून गेम लावला. सूचना आली आणि नेमकी बेल वाजली. गॅसवाला. ओटीपी सापडेना, दहा मिनिटं गेली. तेवढ्यात सासूबाई हॉलमधून ओरडल्या, "अगं, आली बघ ती नावेत!"
"कोण?"
"धाकटी! आपल्या गावच्या पुरात मारुतीच्या छातीला लागायचं तसं पाणी चढलं, आणि मारली की उडी पोरीने."
धावत गेले. दोघी नावेत. मी काहीच दाबलं नव्हतं.

७ डिसें., रवि.
चार वेळा करून पाहिलं. काही न करता बसलं की ती येते. दोन वर्षांत कितीदा खेळले असेन, दरवेळी सूचना दिसली की दाबलं. एकदाही हात आखडला नाही. वीस वर्षं वर्गात सांगतेय, सूचना नीट वाचा आणि तसंच करा. घ्या आता! पुस्तक कितीही वेळा उघडा, शेवट तोच. मी यालाही पुस्तकच समजले.

८ डिसें., सोम.
मॅडमना फोन केला. सगळं ऐकून म्हणाल्या, "परीक्षकांनी खेळलाय का तो?"
"माहीत नाही."
"मग तूही बोलू नकोस. माझी शेवटची व्हायव्हा आहे गं."
मॅडम असं बोलल्या! मॅडम! आधी त्यांचा राग आला, मग माझाच.

१० डिसें., बुध.
गप्प बसले तर डिग्री. बोलले तर प्रकरण चार गेलं, त्याबरोबर मॅडमची अब्रू आणि हेड सरांना आयतं कोलीत. पण गप्प बसून पुन्हा वर्गात कोणत्या तोंडाने…
सासूबाई म्हणाल्या, "जेवून घे." ताट झाकून ठेवलं.

११ डिसें., गुरु., दुपार
विभागाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. सांगून टाकलं.
बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, "म्हणजे प्रकरण चार चुकलं?"
"हो. दोर सोडावाच लागत नाही. मी सोडला." मॅडम खाली बघत होत्या.
"लावा. आत्ता, आमच्यासमोर."
लॅपटॉप जोडला, कंट्रोलर मॅडमच्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा धरला त्यांनी. सूचना आली. पाणी चढायला लागलं. अंगठा बटणावर. आणि हेड सर, हो तेच, खुर्चीतून अर्धवट उठून, "दाबू नका मॅडम! थांबा!"
मॅडमनी अंगठा उचलला, धाकटी नावेत आली. मग मला बाहेर पाठवलं.
पाऊण तास झाला. दार बंदच. आतून सरांचा चढलेला आवाज येतोय: "अहो, पण मोठी दोराला हात लावतेच का? तिचं चुकलंच!" मॅडम काहीतरी ठासून सांगतायत, नीट ऐकू येत नाही. आता परीक्षक बाईही मध्ये पडल्या.
माझ्या डिग्रीबद्दल अजून कोणी अवाक्षर काढलेलं नाही.