साखरपुड्यात साखर मिळेना

चि. सौ. चंदा हिस,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझी म्हैस आणि अनंताभाऊजी तिघंही धड असतील असं धरून चालते. (एखादं बिघडलं असतं तर तुझा फोन आला असता.) फोनवर भाऊजी शेजारी बसून सगळं ऐकतात, म्हणून हे पत्र. तुलाही आता शुगरची सुई लागली असं कळलं. तर नीट बसून वाच.

परवा आमच्या शेजारच्या महादूच्या नातीचा, स्नेहलचा, साखरपुडा झाला. मुलाकडचे कल्याणहून अकराला येणार होते, ते दीडला उगवले. म्हणून आधी जेवणं उरकू, पुडा मग, असं पुरुषांनी ठरवलं. मला नर्सबाईने बजावलंय, सुई टोचली की अर्ध्या तासात जेवायचं. मांडवामागे भाताचं टोप उतरलेलं पाहिलं आणि मी टोचून घेतली. तिथेच फसले. पहिली पंगत पाहुण्या पुरुषांची, दुसरी गावच्या पुरुषांची, तिसरी या दोन पंगतींना वाढून दमलेल्या पुरुषांची. बायका पापड तळत होत्या.

मला दरदरून घाम सुटला, हात लटलटायला लागले, समोर दोन-दोन महादू दिसू लागले. (एकच जड जातो.) तोंडातून शब्द धड फुटेना. महादूने माझ्याकडे पाहिलं आणि हातातला द्रोण टाकून लोटांगण घातलं. "आई, कंची देवी तू? काय चुकलं आमचं?" झालं! कुणी कापूर लावला, कुणी माझ्या केसांचा अंबाडा सोडला. मी जीव एकवटून म्हटलं, "साखर". "आई साखर मागते!" म्हणून त्यांनी ताटातला स्नेहलचा पुडा आणला, माझ्यापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि माझे दोन्ही हात धरून ठेवले. कारण पुडा शुभाचा, हात लावायचा नाही. साखर वीतभर लांब आणि मी मरायला टेकलेली. त्यात शेखर सरपंच विचारतो, आई, तानशाच्या धरणाचं पाणी मुंबईला जातं, ते आपल्या नळाला कधी येणार? (खरी देवी असती तरी गप्पच बसली असती.)

तेवढ्यात माझी नातसून भूमिका गर्दीत घुसली. "देवी नाय, शुगर उतरलीय आजीची! सोडा हात!" तिने तो पुडा टराटरा फाडला, पाण्यात ओतला, पेला माझ्या तोंडाला लावला. "पी गो आजे, घोट घोट पी." मुलाची आई ओरडली, "आमच्यात पुडा असा फोडत नाय!" भूमिका म्हणाली, "आमच्यातपण नाय, पण आमच्यात म्हातारी मरून देत नाय." पंधरा मिनिटांनी मला शब्द फुटला आणि मी महादूला अशा शिव्या घातल्या की तो हात जोडून सगळ्यांना म्हणाला, देवी गेली, सकुबाई आली. मग मला भात मिळाला. लग्न मोडलं नाही; दुकानातून दुसरा पुडा आणला.

तुझी आक्का,
सकुबाई

ता.क. पुढच्या महिन्यात मुरबाडला तुझ्या नातवाचं लग्न. पहिली पंगत बायकांची बसव. भाऊजी कुरकुरले तर हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

आणखी ता.क. हे मात्र वाचून दाखवू नकोस. भूमिकाने सकाळीच माझ्या कनवटीला खडीसाखर बांधून दिली होती. घाम फुटला तेव्हा मला ती आठवली होती. पण पुरुष जेवायचे होते, त्यांच्याआधी तोंड कसं हलवायचं म्हणून मीच गाठ सोडली नाही. तू सोड.