तू जाळी धुतली होतीस

प्रिय शंकर,

नऊ वेळा फोन लावला. तू उचलत नाहीस. उचलू नकोस, पण हे तरी वाच. नववी नापासाचं अक्षर आहे, ओळी चढतील-उतरतील. वैतागून निम्म्यात फाडू नकोस.

आधी इकडचं सांगतो, कारण माझं डोकं पिकलंय. आपलं तळघर तसंच आहे. बाहेर नोएडात काचेच्या बिल्डिंगा वाढतायत आणि खाली आपला पाला हवेत लटकतोय. परवा आईनं पुन्हा विचारलं, नक्की काय करतोस रे तिथं? म्हटलं, मुळं डब्यात मोकळी लोंबतात, दर पाच मिनिटांनी त्यांच्यावर पाण्याचं धुकं सोडायचं, मोठ्या हॉटेलांत जातो तो पाला. तर म्हणे, मग मातीनं काय घोडं मारलंय? आता काय सांगू? धुकं तासभर बंद पडलं की मुळं सुतळीसारखी वाळतात, हे तुला-मला माहीत.

तो दिवस माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही. सकाळी येऊन बघतो तर चार रॅकमधला पाला मान टाकून पडलेला. पंप चालू, पण प्रेशरचा काटा खाली बसलेला, धुक्याचा पत्ता नाही. आपले मालक तात्यासाहेब मयूर विहारहून धावत आले. त्यांनी फिल्टर उघडला, जाळी बाहेर काढली. तिच्यावर पांढरट, चिकट साय. ती तुझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "ही धुतलेली जाळी आहे? आठवडाभर हात लावलेला नाहीस तू हिला." तू म्हणालास, "सर, आईशपथ, काल संध्याकाळीच धुतली." तासाभरात तू बॅग भरलीस. साहेबांनी लगेच तुझ्या भाऊसाहेब मामांना दिल्ली कँटोन्मेंटात फोन केला, कारण आपल्या दोघांना इथं चिकटवलं मामांनीच. मी रॅकजवळ उभा होतो. एक शब्द बोललो नाही. खरं सांगू? मलाही वाटलं, गड्यानं कंटाळा केला असणार. सारखा मोबाइलमध्ये तोंड घालून असायचास.

मग जाळी माझ्याकडे आली. सोमवारी संध्याकाळी ब्रशनं घासली, उजेडाला धरून पाहिली, भोक न् भोक मोकळं. मंगळवारी दुपारी पुन्हा तीच साय! मी म्हटलं, पाण्याचाच घोळ. इथलं बोअरचं पाणी म्हणजे नुसता क्षार, चहाचं पातेलं आतून पांढरं होतं. क्षार मोजायचं मीटर घालून बघितलं. बोअरचा टीडीएस हजाराच्या वर, पण आरओतून पुढे येतं त्याचा पस्तीस. म्हणजे आरओ ठणठणीत. तरी साहेबांनी त्याचा मेम्ब्रेन बदलायला लावला. मग धुकं सोडणारे दोनशे चाळीस नोझल एकेक काढून व्हिनेगरमध्ये भिजवले. तळघराला चाऊमीनच्या गाडीसारखा वास. सुईनं टोचून टोचून बोटांची चाळण झाली. पंप खोलला, पुन्हा बसवला. दोन दिवस बरं चालायचं, तिसऱ्या दिवशी काटा खाली. शेवटी साहेब माझ्यावरही घसरले, "तू पण त्याच्यासारखाच निघालास यार!" मी ओरडलो, "सर, मी धुतलीय!" आणि माझा आवाज मला तुझ्यासारखा ऐकू आला. तेव्हा पहिल्यांदा कळलं, तू खरं बोलत होतास.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी पंपवाला मेकॅनिक आला, द्वारका म्हणून, दरभंग्याचा. त्यानं मीटरला हातच लावला नाही. एक पाइप सोडवला, आत बोट फिरवलं, नाकाला लावलं आणि मला विचारलं, "भैया, इसमें मीठा क्या डाला है?" मी म्हटलं, कुछ नहीं, सिर्फ खत. तो हसला. "मीठा गया है. पूरी लाइन में काई जम गई. जाली धोते रहो जिंदगीभर, पीछे से फिर आएगी."

शंकर, मी टाकीचं झाकण उघडून आत वाकलो.

खंडेनवमीला तू मामांकडे गेला होतास तीन दिवस. मी तळघरात एकटाच. घरी आपण त्या दिवशी विहिरीवरच्या मोटारीला हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो, नारळ फोडतो, थोडं पाणी मोटारीवर, उरलेलं विहिरीत. मला वाटलं, इथं आपलं पोट या पंपावर आहे, त्याला कोरडा कसा ठेवायचा? पायरीवर नारळ फोडला. सगळं पाणी टाकीत ओतलं. वर मूठभर गूळ सोडला, नैवेद्य म्हणून. हात जोडून म्हटलं, चालत राहा बाबा. विहिरीत ते कुठल्या कुठं जातं रे! इथं तेच पाचशे लिटर पाणी गोल गोल फिरत राहतं, हे मला रोज दिसत होतं आणि तरी सुचलं नाही. त्या गोडावर ती शेवाळी बुळबुळ वाढली, पाइपभर पसरली आणि तुझ्या जाळीत येऊन बसली.

गुरुवारी कळलं आणि साहेबांना सांगितलं रविवारी. तीन दिवस मी गप्प होतो, हेही लिहून ठेवतो. नोकरी जाईल म्हणून घाबरलो, दुसरं काही नाही. साहेब आधी उलट्या क्रेटवर बसले. म्हणाले, "अरे, आमच्या घरी मिक्सरचीही पूजा होते, पण कुणी त्यात नारळ फोडत नाही!" नंतर तुझा नंबर मागितला. तू त्यांचाही फोन उचलला नाहीस. ते म्हणतात, शंकरला सांग, त्याची जागा त्याचीच आहे. माझं काय करायचं ते दिवाळीनंतर बघतो म्हणाले. तोवर टाकी, पाइप, सगळं औषध घालून मी धुतोय. यायचं की नाही ते तू ठरव. मी तुझ्या जागी असतो तर चार शिव्या घालूनच आलो असतो.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. मामा काल भेटले. म्हणाले, गावी तुझे वडील, अण्णा, तुझ्याशी बोलत नाहीत. डेअरीवर कुणी विचारलं तर स्वतःच्या तोंडानं सांगतात, पोरगा कामचुकार निघाला, हाकलून दिला. मी तुला फोनवर सांगितलं असतं तर ते तुझ्या कानापुरतं राहिलं असतं, आणि तू सांगायला गेलास तर अण्णा म्हणाले असते, दोस्तानं शिकवलंय. म्हणून लिहून देतोय. अण्णांना चष्मा लावून बसव आणि वरचं नाही वाचलंस तरी चालेल, एवढं त्यांच्या हातात दे: अण्णा, मी उदयसिंह दिनकर खराडे, सांगतो की शंकरनं जाळी रोज धुतली होती. पाणी मी बिघडवलं. त्याला बोलणी बसली तेव्हा मी शेजारी उभा राहून गप्प बसलो. तुमच्या पोरानं कामात कधीही कुचराई केली नाही. हे डेअरीवर चारचौघांत वाचलंत तरी माझी हरकत नाही.

तुझाच, शिव्या खायला तयार असलेला,
उदयसिंह