एकाच प्रतीवरची लाल रेघ

अण्णा,

आज कचेरीतल्या जुन्या कपाटात आपल्या मंडळाचं ते गणपतीतलं नाटक सापडलं. कपाटं रिकामी करायची आहेत म्हणून आठवडाभर मी नुसती यादी करते आहे, नाव, वर्ष, पानं, पुढचं. हे हातात आलं तेव्हाही आधी यादीत लिहिलं आणि मग उघडलं. माझ्या भाषणाचं पान कोरं आहे. कोरं म्हणजे छापलेलं सगळं आहे, साहेबांची सही आहे, शिक्का आहे, फक्त लाल रेघ नाही. ती एकच रेघ मला गेली पस्तीस वर्षं पाठ आहे, आणि ती या प्रतीवर कधी मारलीच गेली नव्हती.

तुम्ही गेलात आणि तुमच्या जागी मला अनुकंपेवर घेतलं, हे तुम्हांला कळायचं काही कारण नाही. टेबल बदललं, काम तेच. नाटक करायचं तर संहितेच्या दोन प्रती आमच्याकडे द्यायच्या, आम्ही वाचायचं, पानोपानी शिक्का मारायचा, एक प्रत मंडळाला परत द्यायची आणि दुसरी कपाटात ठेवायची. कापायचं ते दोन्ही प्रतींवर कापायचं. हा नियम मी नोकरीत शिकले नाही, तुम्ही जेवताना सांगितलेला आहे. एका प्रतीवर रेघ आणि दुसरीवर नाही असं झालं तर कारकुनाची नोकरी जाईल, असं तुम्ही वरणभात कालवता कालवता म्हणाला होतात. तुमच्या हातून चूक होणं शक्य नव्हतं. तुम्ही चादरीच्या घड्यासुद्धा कडेला कड लावून घालायचात.

तुमची वाचायची रीत मी कचेरीत कुणाला कधी सांगितलेली नाही. साहेब गुजराती, त्यांना मराठी भरभर वाचता येत नव्हतं, म्हणून बडोद्यातली सगळी मराठी नाटकं तुमच्या पिशवीतून घरी यायची. संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसायचात आणि मोठ्यानं वाचायचात. आई खाली पाटावर बसून पोळ्या लाटायची. "तू नुसतं ऐक," तुम्ही म्हणायचात, आणि ती नुसतं ऐकायची. मत तिला कधी विचारलं नाहीत. पण तिचं लाटणं जिथे थांबायचं तिथे तुम्ही शिसपेन्सिलीनं बारीक खूण करायचात आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना तेवढीच पानं दाखवायचात. साहेब विचारायचे, "आमां कंई वांधो तो नथी ने?" आणि वांधा आहे की नाही ते आईच्या लाटण्यावर ठरलेलं असायचं. अख्ख्या शहराचं मराठी नाटक एका बाईच्या पोळ्यांवर चालत होतं, आणि त्या बाईला त्याचा पत्ता होता की नव्हता, हे मी तिला विचारलं नाही. आता विचारायला ती नाही. ती माघात गेली.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते आणि मंडळाच्या नाटकात मला काम मिळालं होतं. मुलीचं. तीन प्रवेश चहा आणायचा आणि चौथ्यात एक भाषण, दीड पानाचं. ती मुलगी वडिलांना म्हणते, "या घरात खुर्च्या तीन आहेत आणि माणसं चार. इतकी वर्षं उभं कोण राहिलं ते सांगा. नाव नका घेऊ, नुसतं बोट दाखवा." तुम्ही ते नेहमीसारखं वाचता आहात, सरकारी आवाजात, चढउतार न करता. मी दारात उभी आहे. आपल्याकडे तेव्हा खुर्च्या दोन, एक तुमची आणि एक माझी अभ्यासाची. आईचं लाटणं थांबतं. तव्यावरची पोळी करपते, तिचा वास येतो, तरी ती उलटत नाही. तुम्ही खूण केलीत आणि पान उलटलंत. मग तिनं पोळी काढली आणि तीच करपलेली पोळी स्वतःच्या ताटात ठेवली, जशी रोज ठेवायची.

आठ दिवसांनी मंडळाची प्रत परत आली आणि माझं दीड पान लाल होतं. पट्टी लावून मारलेली रेघ, वरपासून खालपर्यंत. मी तुम्हांला विचारलं, हे काय. तुम्ही जोडे काढत होतात. "वरून आलंय," म्हणालात. "साहेबांनी कापलं, आपण काय करणार?" मी म्हटलं, तुम्ही सांगायचं होतं ना त्यांना, मुलगी आहे म्हणून. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलात. "सरकारी कामात घरची माणसं आणायची नसतात. एवढं कळत नसेल तर नाटकं करू नकोस." मग नाही केली. त्या गणपतीत चहा आणला, ट्रे ठेवला, आत गेले, आणि पुन्हा कधी स्टेजवर गेले नाही. माझ्यात एक नटी होती आणि ती सरकारनं मारली, असं मी पुढे पुष्कळ वर्षं लोकांना हसत हसत सांगायचे. लोकही हसायचे.

आजच्या प्रतीत त्या पानावर तुमची शिसपेन्सिलीची खूण आहे. तिच्याशेजारी, इतर कुठल्याच पानावर नाही असं, एका शब्दाचं टिपण आहे: "थांबली." खाली साहेबांचा शेरा, वांधाजनक काही नाही, आणि सही. म्हणजे साहेबांनी पास केलं होतं. वर कुणी नव्हतंच, अण्णा. तुम्ही होतात. शिक्के मारून झाल्यावर मंडळाची प्रत तुम्ही कुठेतरी एकटे बसून पट्टीनं कापलीत, आणि कचेरीच्या प्रतीवर रेघ मारायचं तुम्हांला जमलं नाही, कारण सरकारी कागदावर ते खोटं झालं असतं.

मला राग यायला हवा होता. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग चहा आला, तो प्यायले, आणि यादीतला पुढचा आकडा लिहिला. फक्त घरी येताना रिक्षात ती खुर्ची आठवली. त्याच भाद्रपदात तुम्ही मांडवीच्या बाजारातून वेताची खुर्ची आणली होतीत, हातलारीवर घालून, लारीवाल्याशी भाड्यावरून वाद घालत. स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलीत आणि हातपाय धुवायला गेलात. आईनं ती पुसली आणि तिच्यावर धुतलेले कपडे ठेवले. मी तेव्हा तुमच्याशी बोलत नव्हते, त्यामुळे खुर्ची कशाला आणली हेही विचारलं नाही. शेवटची दोन वर्षं, गुडघे गेल्यावर, आई तिच्यावर बसायची. आता ती खुर्ची माझ्याकडे आहे, समा भागातल्या घरी, आणि तिच्यावर पुन्हा इस्त्रीचे कपडे असतात.

इथवर लिहिलं ते तुमच्याबद्दल. आता माझं सांगते. गेल्या सोमवारी एक मुलगी नाटक घेऊन आली. कॉलेजातली, समाचीच, आमच्यामागच्या सोसायटीत राहते. हल्ली मराठी संहिता वर्षाकाठी चारदोन येतात, त्या मीच वाचते, आणि मोठ्यानं वाचायला समोर कुणी नसतं. तिच्या नाटकात एक नोकरी करणारी बाई आहे, माझ्या वयाची. शेवटी तिचं भाषण आहे. ती म्हणते, "आई गेली त्या दिवशी मला रडू आलं नाही. मी दूधवाल्याला फोन केला आणि उद्यापासून एक थेली कमी टाक म्हणून सांगितलं. तो बरं म्हणाला. मग मी दुसरं काय करायचं ते आठवत बसले." अण्णा, मी हेच केलं होतं. अगदी थेलीसकट. हे कुणाला माहीत नाही, त्या मुलीला तर शक्यच नाही. मी पट्टी घेतली, लाल पेन घेतलं आणि ते भाषण कापलं. दोन्ही प्रतींवर. शेरा लिहिला, अभिरुचीस धरून नाही. आताच्या साहेबांनी न वाचता सही केली, ते नेहमीच तशी करतात.

परवा ती प्रत न्यायला आली. तिनं पान पाहिलं आणि विचारलं, "मॅम, हे कोणी कापलं?" मी म्हटलं, वरून आलंय. तोंडातून सहज निघालं, इतकं सहज की मी मान वर करून कुणी बोललं का ते पाहिलं. "वरून म्हणजे कोण?" मी म्हटलं, साहेब. तर ती गुजरातीवर आली, आमच्याकडच्या सगळ्या मुली चिडल्या की येतात. "तो मने एमनो नंबर आपो ने, हुं वात करीश." साहेबांचा नंबर मागत होती, स्वतः बोलायला. मी म्हटलं, साहेब रजेवर आहेत. साहेब आत बसून शेंगदाणे खात होते.

"वरून म्हणजे कोण," हे मी तुम्हांला कधी विचारलं नाही. का नाही विचारलं, ते आज कपाटासमोर उभी असताना आठवलं, आणि हे पत्र खरं तर तेवढ्यासाठी लिहिते आहे. तुम्हांला पोचणार नाही म्हणूनच लिहिता येतंय. त्या संध्याकाळी लाल रेघ पाहिली तेव्हा, तुम्हांला काहीही विचारण्याआधी, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. दीड पान पाठ होत नव्हतं. तालमीत दोनदा मधेच अडकले होते, हात गार पडायचे, आणि गणपती अंगावर आले होते. तुम्ही मला वाचवलंत आणि वर दोषही घेतलात. मी तो पस्तीस वर्षं तुमच्याकडेच राहू दिला.

तिचा प्रयोग शनिवारी आहे. कापलेलं परत घालायचं दुरुस्तीचं पत्र दोन ओळींचं असतं, साहेब तेही न वाचता सही करतील. अजून टाइप केलेलं नाही, त्याऐवजी हे लिहीत बसले. पण ती मुलगी प्रत हातात घेऊन उभी होती तेव्हा मी तिच्या हातांकडे पाहिलं होतं. जराही गार पडलेले दिसत नव्हते. तिला भाषण पाठ होतं.