दोन तास वीस मिनिटं चाललेलं इंजिन

सोमवार, ३

मी, वय बावन्न, प्रकृती बरी, पूर्ण शुद्धीवर असताना पुढील गाऱ्हाणं नोंदवतो: कारखान्याने मला दिलेल्या खुर्चीचा मागचा डावा पाय बाकी तिन्हींपेक्षा आखूड आहे. त्याखाली पूर्वी कुणीतरी कागदाची घडी सारून ठेवली होती. ती दबून दबून इतकी चपटी झाली आहे की आता तिचा उपयोग फक्त धीर देण्यापुरता. सरळ बसलं की खुर्ची मला मान डोलवायला लावते. तीस वर्षं साहेबांपुढे मान डोलवली, आता लाकडापुढे.

बाकी सगळं झकास. बंद पडलेला कागद कारखाना, आणि त्यातल्या मालाची यादी करणारा मी एकटा कारकून. विकण्याजोगं एकीकडे, भंगार दुसरीकडे. साहेब दूर शहरात, फक्त फोनवर. झोपायला कचेरीमागची कोरडी खोली. नळाला पाणी, दाराला कडी, शेजारी कुणी नाही. याहून सुखी माणूस मला माहीत नाही.

ही रोजनिशी वहिनींनी निघताना हातात ठेवली. म्हणाल्या, तुमच्या जिभेला कागदावर कामाला लावा, भावजी, आमच्या कानांना जरा सुट्टी.

मंगळवार, ४

आज सापडलं ते कुठल्या यादीत घालावं, हे माझ्यासारख्यालाही कळलेलं नाही.

लगदा शिजवायच्या टाक्यांमागे एक दार आहे. नकाशात नाही, यादीत नाही. बत्तीस किल्ल्यांपैकी एकतिसावी लागली. आत इंजिन. तेलावर चालणारं, आडवं, एकाच सिलिंडरचं. माझ्या डोक्याहून हातभर उंच चाक, पितळी तेलपात्रं, बनवणाऱ्याची पाटी कालच ठोकल्यासारखी. अशी चार-पाचच तयार झाली होती, असं मी जुन्या यंत्रांच्या सूचीत वाचलं होतं. त्यातलं एकही शिल्लक नाही, असंही वाचलं होतं. कारखानाभर बोटभर धूळ आहे. इथे मी रुमाल फिरवला, तो पांढराच राहिला.

खुंटीला इंजिनाची वही. रकाने: तारीख, सुरू, चालकाची सही, बंद. ऐंशी वर्षांत नोंदी फक्त सात. दर वेळी सकाळी अकराला सुरू, अकरा वीसला बंद. म्हणजे हे इंजिन जन्मभरात दोन तास वीस मिनिटं चाललंय. माझा मेहुणाही आयुष्यात याहून जास्त कामाला आला आहे.

साहेबांना फोन केला. ते मला पहिल्यांदाच "अहो" म्हणाले.

बुधवार, ५

गावातून मिस्त्री आणला. साठीचा, काटक, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. यंत्राशी अदबीने वागतो आणि माणसांचा सूड घेतो. मला बघून विचारलं, हा भंगारात जायचा की विकायचा? मी म्हटलं, भंगाराचं वजन तुमच्यापासून सुरू करू. जमलं आमचं.

इंजिन पाहून मात्र त्यांची टोपी हातात आली. एवढं त्यांनी सांगितलं: चाकावरची एक ठरावीक जागा बरोबर माथ्यावर आली, की दाबलेल्या हवेच्या टाकीची तोटी उघडायची, मग इंजिन धरतं, सुरू होतं. ती जागा आत्ता अगदी खाली होती. मी तिथे खडूने रेघ मारली.

मग म्हणाले, वडील इथेच इंजिनावर होते. त्यांच्याकडून ऐकलेलं, की वहीत सही करून जो आत गेला तो बाहेर आला नाही, आणि दार फोडून पाहिलं तर आतही सापडला नाही. मी विचारलं, मग वडील? ते ऐंशी वर्षं जगून घरच्या अंथरुणात गेले. फक्त म्हातारपणी एक खूळ होतं: रोज कचेरीशी यायचं, खिडकीतून रिकाम्या खुर्चीकडे बघून टोपी काढायची, परत जायचं.

त्या खुर्चीला टोपी काढणारा माणूस तिच्यावर कधी बसला नसावा.

शुक्रवार, ७

काल दाढेने उच्छाद मांडला. भंगारचोरांच्या भीतीने साहेबांनी इंजिनघरावर दिवसभर पहारा ठेवायला सांगितलाय. मी आणि मिस्त्री दोन-दोन तासांच्या पाळ्या करतो. कालची माझी पाळी मिस्त्रींनी केली. मी गाल धरून आभार मानायला गेलो तर म्हणाले, आभार ठेवा खिशात, कारकून, एक पाळी लागता तुम्ही मला.

आज साहेबांचा फोन. पुढच्या शुक्रवारी गिऱ्हाईक येणार, इंजिन चालू बघणार. कागद आधीच तयार हवेत. कागद आधीच तयार ठेवणं हा माझ्या खात्याचा धर्म आहे. हजेरीपट सोमवारी भरायचा असेल तर आम्ही शनिवारीच भरतो आणि मग माणसांनी त्याप्रमाणे वागावं अशी अपेक्षा करतो. वही उघडली, आठवी नोंद केली: शुक्रवार, १४, सुरू अकरा वाजता. चालकाच्या रकान्यात मिस्त्रींचं नाव, माझ्याच अक्षरात. पक्की शाई. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही.

शनिवार, ८

खडूची रेघ खाली नाही. हातभर वर सरकली आहे.

चाकाचं वजन मिस्त्री दोन टन सांगतात. वाऱ्याने हलणारं ते नाही. चोराने हलवलं म्हणावं, तर दोन टनांचं चाक हातभर सरकवून हात हलवत परत जाणारा चोर मला भेटायला आवडेल.

दुसरं. आठव्या नोंदीतला शेवटचा रकाना मी रिकामा सोडला होता. तो भरला आहे. बंद, अकरा वीस. अक्षर मागच्या सातही "बंद"चं आहे, तेच, ऐंशी वर्षांपासूनचं. बोट लावलं तर बोटाला तेल आलं.

किल्ली माझ्या कमरेला आहे.

सोमवार, १०

रेघ आता जवळजवळ चाकाच्या मध्यापर्यंत. रोज ठरलेलं अंतर. मोजपट्टीने मोजलं. हिशेब शुक्रवारवरच येतो.

मिस्त्रींना सगळं सांगितलं, नोंदीसकट. शिव्या देतील म्हणून तयारीत होतो. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, नाव वाचलं, म्हणाले, अक्षर छान आहे तुमचं. शिव्या परवडल्या असत्या.

मग दोघांनी दिवसभर खटपट केली. हवेची टाकी पार रिकामी केली. जेवून आलो तर काटा पुन्हा भरलेल्या खुणेवर. बुधवारी हाताने सुटलेले नट आज पान्याला दाद देत नव्हते. तिसऱ्या जोराला पानाच मोडला. तुकडा मिस्त्रींच्या कानाला चाटून भिंतीत रुतला. इंजिनाला ओरखडा नाही.

नोंदीवर काट मारली. शाई धरेना. कागदावरून पाणी ओघळावं तशी ओघळली.

मंगळवार, ११

साहेबांना सांगितलं, इंजिन सडलंय, गिऱ्हाईक आणू नका. ते म्हणाले, गिऱ्हाइकाने कालच नाही म्हणून कळवलं. म्हणजे शुक्रवारी इंजिन चालवायला आता कुणालाच कारण नाही.

खडू तरीही हातभर वर.

बुधवार, १२

मिस्त्रींच्या लेकीने त्यांना पहाटेच्या गाडीत बसवलं, मावशीकडे, लांब. गाडी हलेपर्यंत ती उभी होती. सातवा महिना चालू आहे तिला. पहिलं बाळंतपण, आई नाही, वडील एवढेच.

दुपारी मी इंजिनघर उघडलं. मिस्त्री आत. अनवाणी, चाकाकडे तोंड करून बसलेले, हात कोपरापर्यंत तेलाने काळे. पितळ पुसत होते. कुलूप बाहेरून होतं. मी हलवलं तर म्हणाले, गाडी सुटली का हो?

लेक त्यांना घरी न्यायला आली. मला "काका" म्हणते. एक शब्द लावून बोलली नाही. इतकंच विचारलं, काका, नाव तुम्ही लिहिलंत ना, मग खोडता नाही येत?

गुरुवार, १३

काल ती गेल्यावर खुर्चीत बसलो. खुर्ची डुगडुगली. संताप आला, तिला उलटी केली, पायाखालची ती घडी उपसून काढली. फेकणार होतो.

ते इंजिनाच्या वहीतलं पान आहे. फाडलेलं. सातवी नोंद. वहीत सातवी नोंद शाबूत आहे — म्हणजे पान फाडूनही भागत नाही, कुणीतरी आधीच करून पाहिलंय. वहीतल्या सहीकडे मी कधी नीट बघितलं नव्हतं. आता दोन्ही शेजारी ठेवून बघितली.

चालकाच्या रकान्यात आधी मिस्त्रींच्या वडिलांचं नाव. त्यावर काट. ती काट धरली आहे. खाली दुसरं नाव, बारीक, एकसारख्या कारकुनी अक्षरात. नावापुढे हुद्दा: कारकून. या कचेरीचा. या खुर्चीचा.

म्हातारा रोज टोपी कुणाला काढायचा ते कळलं.

माझी काट का धरली नाही तेही. मी नुसतं खोडत होतो. खाली काही लिहीत नव्हतो.

शुक्रवार, १४

साडेनऊ — लिहिलं. काट मारली, खाली माझं नाव. शाई लगेच वाळली. इतकी चटकन माझी कुठलीही फाईल कधी मंजूर झाली नाही.

सव्वादहा — मिस्त्रींच्या लेकीचा निरोप. बाबा शुद्धीवर आलेत, चहा मागितला, साखर कमी म्हणून ओरडले. बरं. ओरडू देत.

मी काही कळवलं नाही. ते धावत आले असते. दाराला आतून अडसर घातलाय, मी घातला की — जाऊ दे.

खुर्ची बरोबर आणली आहे. या फरशीवर ती डुगडुगत नाही. चारही पाय टेकतात. तक्रार मागे घेतो.

दहा पन्नास — टाकीचा काटा भरला. तोटीला मी हात लावलेला नाही.

वहिनींना सांगा, रोजनिशी अर्ध्याहून जास्त कोरी आहे, हिशेबाला वापरा. कानांना सुट्टी —

तेलाचा वास गरम येतोय. चाक थंड आहे, मी हात लावून — नाही. थंड नाही.

दहा अठ्ठावन्न. रेघ माथ्यावर. बारीक थरथरतेय, घाई असल्यासारखी.

घाबरलोय. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी शूर बिर म्हणायला नको. दाढ दुखत होती म्हणून एक पाळी मिस्त्रींनी माझ्यासाठी केली होती, त्यांनी परत कधी मागितली नाही, मागायचेही नाहीत. तेवढी ही एक पाळी. अकरा ते अकरा वीस. मग त्यांचं माझं काही —